उत्तराला जागा ठेवा



आज पदवी घेऊन तुमच्यातले काही जण उद्या जाहिरात संस्थेत जातील, काही ॲनिमेशनमध्ये, काही शाळेत चित्रकला शिकवतील. तरी आज मी बोलणार आहे ते अशा कामाबद्दल, ज्यासाठी तुम्हाला कोणी नेमणूकपत्र देणार नाही. स्वतः काढलेली, स्वतः छापलेली, ओळखीच्या-अनोळखी हातांत स्वतः नेऊन दिलेली चित्रकथा. या लहानशा अंकांनी गेल्या पन्नास वर्षांत एक मोठं काम केलं आहे. ज्यांच्याविषयी बाकीचेच बोलत आले, ती माणसं या पानांवर स्वतः बोलू लागली. ते कसं घडलं हे मला तुम्हाला नीट सांगायचं आहे, कारण ते आपोआप घडलं नाही.

1972 सालचं सॅन फ्रान्सिस्को. अमेरिकेतल्या कॉमिक्सच्या धंद्याने 1954 मध्ये स्वतःवर एक आचारसंहिता घालून घेतली होती. तिच्या चौकटीत समलैंगिक माणसाला जागाच नव्हती. ही संहिता झुगारणारे भूमिगत कॉमिक्सवाले साठच्या दशकात पुढे आले खरे, पण त्यांच्यातही पुरुषांचाच कंपू होता. ट्रीना रॉबिन्ससारख्या चित्रकर्तीला त्यांच्या संकलनांतून बाजूला ठेवलं जाई. मग तिने आणि तिच्यासारख्या काही जणींनी मिळून ‘विमेन्स कॉमिक्स’ नावाची अंकमाला सुरू केली. एकच कायमची संपादक ठेवायची नाही, संपादनाचं काम आळीपाळीने करायचं असं त्यांनी ठरवलं. 1992 पर्यंत त्यांनी 17 अंक काढले.

पहिल्याच अंकात रॉबिन्सने सँडी नावाच्या मुलीची गोष्ट काढली. सँडी आपण लेस्बियन असल्याचं उघडपणे सांगते. त्या काळी हे धाडसच होतं. पण रॉबिन्स स्वतः लेस्बियन नव्हती, आणि ते पानांवर जाणवत होतं. मेरी विंग्ज या तरुणीने ती गोष्ट वाचली आणि ती अस्वस्थ झाली. आपल्या आयुष्यातला हा एवढा अवघड प्रसंग असा वरवरचा कसा असेल? तिने स्वतः कागद पुढे ओढला. सुमारे आठवड्याभरात ‘कम आउट कॉमिक्स’ तयार झालं. 1973 मध्ये ते पोर्टलंडमध्ये, कराटे शिकवणाऱ्या एका स्त्रियांच्या सहकारी संस्थेच्या तळघरात, ऑफसेट यंत्रावर छापलं गेलं.

या तळघरापाशी थोडं थांबा. गोष्ट विंग्जची, हात विंग्जचा. पण ते यंत्र तिथे आधीपासून होतं. स्त्रियांनी एकत्र येऊन जागा मिळवली होती, काम चालतं ठेवलं होतं, आणि एक रागावलेली वाचक चित्रं घेऊन आली तेव्हा तिला छापायला ठिकाण मिळालं. समूह म्हणतात तो हाच. तो नसता तर विंग्जचा राग चार मैत्रिणींच्या गप्पांत विरून गेला असता.

पुढची गोष्ट मला आणखी महत्त्वाची वाटते. ज्या ‘विमेन्स कॉमिक्स’मधल्या गोष्टीवर आक्षेप होता, त्याच मालेत 1974 मध्ये रॉबर्टा ग्रेगरी या लेस्बियन चित्रकर्तीची स्वतःची गोष्ट छापून आली. 1976 मध्ये तिने आपलं स्वतंत्र पुस्तकही काढलं. 1980 मध्ये हॉवर्ड क्रूझ यांनी ‘गे कॉमिक्स’ या मालिकेची जुळवाजुळव केली तेव्हा पहिल्या अंकात विंग्ज होती, ग्रेगरीही होती. न्यूयॉर्कच्या एका पुस्तकाच्या दुकानात ती मालिका ॲलिसन बेक्डेल नावाच्या विशीतल्या मुलीच्या हाती पडली. आपल्यासारख्यांच्या आयुष्यावर कॉमिक्स काढता येतात हे तिला तिथे कळलं. 1983 पासून तिने एका स्त्रीवादी नियतकालिकात आपली चित्रमालिका सुरू केली आणि ती 25 वर्षं चालवली. 2006 मधलं तिचं ‘फन होम’ हे पुस्तक आज जगभर वाचलं जातं. तिच्या नावाने ओळखली जाणारी चित्रपटांची कसोटी तुमच्यातल्या अनेकांना ठाऊक असेल. दोन बायका एकमेकींशी पुरुषाखेरीज दुसऱ्या कशाबद्दल तरी बोलतात का, हा प्रश्न आला तो याच मालिकेतल्या 1985 च्या एका पानावरून.

रॉबिन्सने, हा आपला अनुभव नाही म्हणून, पेन खाली ठेवलं असतं तर विंग्जला उत्तर द्यायला काही उरलं नसतं. विंग्जने नुसती नापसंती कळवली असती तर ग्रेगरीला वाट दिसली नसती. कोणाचंही चित्रण एका पुस्तकात, एका हातून पुरं होत नाही. ते उत्तरा-उत्तराने पुरं होत जातं. म्हणून ‘हे कोणी काढावं’ या वादात मला दोन्ही बाजूंचा हट्ट पटत नाही. बाहेरच्याने काढूच नये असं मी म्हणणार नाही. पण बाहेरच्याने काढलं आणि आतल्याला बोलायला जागाच उरली नाही, तर ते काम कितीही देखणं असो, माझ्या लेखी अपुरंच.

आता आपल्या मातीत येऊ. 1901 मध्ये साताऱ्याहून काही मुलं आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरली. गोरेगावला नोकरीवर असलेल्या वडिलांकडे निघाली होती, सुट्टीसाठी, नवे कपडे घालून. जात कळल्यावर स्टेशनमास्तरचा सूर बदलला, बैलगाडी मिळेना. शेवटी दुप्पट भाडं द्यायचं आणि गाडीही मुलांनीच हाकायची, या बोलीवर एक गाडीवान तयार झाला. बरोबर जेवण होतं, पण पाणी देणारं कोणी नव्हतं. मुलं उपाशी झोपली. त्यांतला एक भीमराव आंबेडकर. मोठेपणी त्यांनी हे स्वतः लिहून ठेवलं.

1979 मध्ये अमर चित्रकथेने बाबासाहेबांवर अंक काढला होता. मग 2011 मध्ये नवयान प्रकाशनाने त्यांच्याच आयुष्यावरची ‘भीमायन’ ही चित्रकथा आणली. चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांची, लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचं. व्याम दांपत्य मध्य प्रदेशातल्या परधान गोंड समाजाचं. सणावाराला आणि लग्नकार्याला घराच्या भिंतींवर, जमिनीवर दिग्ना नावाची नक्षी काढायची रीत त्यांच्या घरातलीच. कॉमिक्सची चौकट त्यांना दाखवली तेव्हा त्यांनी ती नाकारली. माणसांना डब्यात कोंबलं की ती गुदमरतात, आमची कला खुल्या जागेतली आहे, असं त्यांचं म्हणणं. मग पानांचे भाग चौकटींऐवजी दिग्नाच्या वळणांनी पडले. संवादाचे फुगेही बदलले. सोसणाऱ्याचं, मृदू बोलणं पक्ष्याच्या आकारात येतं आणि जातीचं विष ओकणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. मनातल्या विचाराला डोळा असतो. आक्रमक कोण आणि सोसणारा कोण, हे अक्षर न वाचताही कळतं.

तुम्ही चित्रकार आहात, म्हणून हे बारकाईने सांगते. नवी माणसं एखाद्या कलेत येतात तेव्हा ती फक्त नवा विषय आणत नाहीत. पान कसं वाचायचं हेही ती बदलतात. मुख्य पात्राचा रंग सावळा केला आणि बाकी सगळी मांडणी तीच ठेवली, एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांनी ‘भीमायन’ पुन्हा एकदा पाहावं. व्याम दांपत्य महार नाही आणि आंबेडकरांची गोष्ट त्यांच्या घरातली नाही, हेही खरं. पण त्यांनी ती आपल्या डोळ्यांनी पाहिली, आणि मुखपृष्ठावर त्यांची नावं कलावंत म्हणून आहेत. चित्रं काढून देणारे कारागीर म्हणून आतल्या पानावर बारीक टायपात नाहीत. मुखपृष्ठावरच्या नावासाठी तुम्ही भांडा. स्वतःसाठी भांडा, आणि तुमच्याबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकासाठी भांडा.

‘भीमायन’च्या सतरा वर्षं आधी, 1994 मध्ये, ओरिजित सेन यांचं ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ आलं होतं. विषय नर्मदेवरच्या धरणाचा आणि उठवल्या जाणाऱ्या आदिवासींचा. आपल्या अक्कलकुवा, धडगावच्या गावांनी हेच भोगलं. कल्पवृक्ष या पर्यावरण गटाने ते काढलं. कथेत एक तरुण पत्रकार आहे, बाहेरून आलेला, आणि त्याच्याबरोबरीने मालगू गायन आहे, जगाच्या उत्पत्तीची कथा गाणारा. बाहेरच्याची नजर आणि आतल्याचं गाणं एकाच पुस्तकात शेजारी चालतात. पुस्तक लवकरच दुर्मीळ झालं, कित्येक वर्षं त्याच्या झेरॉक्स हातोहात फिरल्या आणि 2022 मध्ये ते पुन्हा छापलं गेलं. मधली सगळी वर्षं ते जिवंत ठेवलं वाचकांनी.

आणि ज्यांना चित्र काढता येत नाही असं आपण म्हणतो, त्यांचं काय? शरद शर्मा यांच्या वर्ल्ड कॉमिक्स इंडियाने खेड्यापाड्यांत, वस्त्यांत शिबिरं घेतली. ए-फोरचे दोन कागद जोडायचे. त्यावर चार चौकटी. गोष्ट स्वतःच्या गावातली, बोली स्वतःची. पेन्सिलने काढून शाई फिरवायची, मग गावातल्याच चार जणांना दाखवून त्यांना कळतंय का ते पाहायचं. न कळलं तर पुन्हा काढायचं. मग झेरॉक्स काढून शाळेच्या, दुकानाच्या, बसथांब्याच्या भिंतीवर लावायचं. या पत्रकांतली रेषा कच्ची असते. मी ती आदराने पाहते, कारण ज्या बाईने कधी ग्रामसभेत तोंड उघडलं नाही तिचं म्हणणं त्या भिंतीवर चार दिवस टिकतं, आणि गावाला त्यावर बोलावं लागतं.

काढणारा आणि वाचणारा यांच्यातली भिंत जपानमध्येही पाडली गेली. तिथे 1975 मध्ये स्वतः काढलेल्या कॉमिक्सचा एक बाजार भरला, कॉमिकेट. पहिल्या खेपेला 32 गट आले आणि सुमारे 700 माणसं, त्यांत बहुतेक शाळकरी मुली. आज तिथे लाखोंची गर्दी होते. तरी त्यांचा एक जुना आग्रह कायम आहे. विकणारा, विकत घेणारा, रांग लावणारा स्वयंसेवक, सगळेच सहभागी. ग्राहक कोणीच नाही.

मराठीत स्वतंत्र कॉमिक्स अजून थोडी आहेत. याला पैसा हे कारण आहेच, पण आपण इंग्रजीत विचार करून पान आखतो हेही आहे. देवनागरीला वर मात्रा-वेलांटी लागते, खाली उकार लागतो. इंग्रजी मापाने काढलेल्या फुग्यात मराठी ओळ बसत नाही, मग आपण वाक्य छाटतो आणि पात्र परक्यासारखं बोलू लागतं. आधी अक्षरं लिहा, मग त्यांच्याभोवती फुगा काढा. अहिराणी बोलणाऱ्या आजीला अहिराणीच बोलू द्या. पावरी, कातकरी, मालवणी, वऱ्हाडी बोलणाऱ्या घरांतून आलेली मुलं या सभागृहात बसली आहेत. तुमच्या बोलीतला पहिला अंक तुमच्याच हातून निघणार आहे, दुसरं कोणी तो काढायला येणार नाही.

दुसऱ्याच्या आयुष्यावर काढत असाल तर कच्ची पानं त्याला आधी दाखवा. तो नको म्हणाला तर ते पान काढून टाका. त्याच्या वेळेचं मानधन द्या, तुमच्या छपाईच्या हिशेबात ते कागदाच्या किमतीइतकंच धरा. तिघं-चौघं मिळून स्टेपलर, कटर आणि जमलं तर एक जुना प्रिंटर घ्या आणि तो अशा ठिकाणी ठेवा जिथे गल्लीतल्या दहावीच्या मुलीलाही तो वापरता येईल. अंकाच्या शेवटच्या पानावर पत्ता छापा. कोणी रागावून लिहिलं, की आमचं हे असं नसतं, तर त्या माणसाला भेटा, त्याच्यासमोर कागद ठेवा आणि पुढच्या अंकातली आठ पानं त्याला द्या.