रहस्यकथेला दाराबाहेर का ठेवलेत?



अध्यक्षाने आभार मानावेत, चार गोड शब्द बोलावेत आणि खाली बसावे, असा रिवाज आहे. आज मी तो पाळणार नाही. मला भांडायचे आहे, तेही समीक्षक, प्राध्यापक आणि वाचनालयांचे पदाधिकारी या आपल्याच माणसांशी.

चंद्रकांत सखाराम चव्हाण हे नाव इथे किती जणांना ठाऊक आहे? बाबूराव अर्नाळकर म्हटले की माना डोलतील. १९०६ ते १९९६ एवढे आयुष्य आणि हजारावर रहस्यकथा. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि त्याचा छोटू यांच्यासाठी माणसे वाचनालयात नंबर लावायची. मागून गुरुनाथ नाईक आले. त्यांनी कॅप्टन दीप उभा केला आणि बाराशेच्या घरात कादंबऱ्या लिहिल्या. २०२१ मध्ये ते गेले. सुहास शिरवळकर आज ‘दुनियादारी’मुळे ओळखले जातात, पण अमर विश्वास आणि दारा बुलंद हे त्यांचे रहस्यकथांचे नायक कुठे मिळतात ते शोधून पाहा. मग वाङ्मयाचा कोणताही जाडजूड इतिहास उघडा आणि या माणसांच्या वाट्याला किती जागा आली आहे ते मोजा.

आक्षेप मला पाठ आहेत. पहिला, हे लेखन उथळ आहे. बरेचसे आहे, मान्य. महिन्याला काही पुस्तके लिहिणाऱ्याचे प्रत्येक पान कसाला उतरणार नाही. पण न वाचताच उथळ ठरवण्याचा अधिकार कोणी दिला? दुसरा आक्षेप, इंग्रजीवरून उचलले. आगरकरांनी ‘हॅम्लेट’वरून ‘विकारविलसित’ केले, ते आपण अभिमानाने शिकवतो. गो. ना. दातारांनी इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्स मराठीत आणला, त्याचीही दखल घेतो. रहस्यकथांत मूळ लपवले असेल तर तेही शोधा, नावानिशी लिहा. परक्या शहरातला गुन्हा गिरगावात आणताना घर, नाती, पोलीस, बोलणे हे सारे कसे बदलले, हा पीएच.डी.चा अस्सल विषय आहे. तो पडून आहे, कारण मार्गदर्शकांना त्याची लाज वाटते.

चंद्रकांत काकोडकर रहस्यकथाकार नव्हेत, पण त्यांनाही याच पंक्तीबाहेर बसवले गेले. ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या त्यांच्या ‘श्यामा’ या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कथा तपासून त्यांना निर्दोष सोडले. न्यायालयाने जे कष्ट घेतले, ते आपल्या समीक्षेने घेतले नाहीत.

अलीकडेच एका तालुक्याच्या वाचनालयात रद्दीसाठी बांधलेला गठ्ठा मी सोडायला लावला. दोन-दोन रहस्यकथा एकत्र शिवून वर जाड पुठ्ठा घातलेला. कागद पिवळा, कोपरा दुमडला की तुकडा हातात. मागच्या पुठ्ठ्याच्या आत तारखांच्या शिक्क्यांचा कागद भरला म्हणून त्यावर दुसरा चिकटवलेला, तोही भरलेला. एका पानावर कुणीतरी पेन्सिलीने खुन्याचे नाव लिहून ठेवले होते आणि दुसऱ्या कुणीतरी चिडून ते खोडले होते. वाचकांचा इतका जिवंत पुरावा हाती असताना नोंदवहीत शेरा काय, तर ‘जीर्ण, बाद’. फिरत्या वाचनालयांची वर्गणी ज्या पुस्तकांनी भरली, त्यांना आपण किलोवर विकतो.

बंगालने शरदिंदू बंद्योपाध्यायांचा गुप्तहेर ब्योमकेश जपला. चेन्नईत २००८ मध्ये तमिळ स्वस्त कादंबऱ्यांच्या निवडक कथांचे इंग्रजी पुस्तक निघाले आणि ते लेखक राज्याबाहेर पोचले. आपल्याकडे रहस्यकथांची साधी संपूर्ण सूची हाताशी नाही. लेखकाचे टोपणनाव, प्रकाशक, साल, मुखपृष्ठाचा चित्रकार, यातले काही टिपून ठेवण्याची आपल्याला गरज वाटली नाही.

निवडक पुनर्मुद्रणे हौशी माणसे आपल्या खिशातून काढतात. त्यांचे ऋण मी मानतो. पण हे काम हौशी माणसांवर सोडणे ही विद्यापीठांची आणि साहित्यसंस्थांची जबाबदारीतून सुटका आहे आणि ती मला मान्य नाही.

म्हणून ग्रंथपालांना हात जोडून सांगतो, उद्या वाचनालय उघडले की रद्दीवाल्याला परत पाठवा. गठ्ठे सोडा, प्रत्येक पुस्तकाची नोंद करा, पहिल्या पानांचे आणि मुखपृष्ठांचे फोटो काढा आणि त्या याद्या जिल्हा ग्रंथालय संघाकडे द्या.