फाल्गुनातली नदी, गळ आणि आपली मोरी
(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी बँकेतला माणूस, म्हणून सचिवांनी मला ज्येष्ठांच्या गुंतवणुकीवर बोलायला सुचवलं होतं. पण एफडीचे व्याजदर तुम्हा सगळ्यांना माझ्याहून जास्त पाठ आहेत. तेव्हा आज मी मासे पकडण्यावर बोलणार आहे. शाकाहारी मंडळींनी उठून जाऊ नये, कारण विषय शेवटी आपल्या सगळ्यांच्या मोरीपर्यंत येणार आहे.

मुलगी अमेरिकेत मिनेसोटा राज्यात असते. तिच्याकडे मुक्काम असताना मार्चअखेरीस जावईबापूंनी मला कॅनडाच्या सीमेवरच्या रेनी नदीवर नेलं. बर्फ नुकताच फुटलेला, काठावर अजून गोठलेल्या लाद्या, आणि माणसं होड्यांत बसून गळ सोडताहेत! हे सगळं वॉलाय नावाच्या माशासाठी. आपल्या महाराष्ट्राने 2023 मध्ये पापलेटला राज्यमासा केलं, तसा हा त्यांचा राज्यमासा. याच्या डोळ्यांत मागच्या बाजूला चकाकणारा पडदा असतो, मांजरीसारखा. त्यामुळे त्याला गढूळ पाण्यात आणि तिन्हीसांजेला छान दिसतं आणि तो तेव्हाच शिकारीला निघतो.

पाणी साधारण 6 ते 10 अंश सेल्सियसवर आलं की वॉलाय खडकाळ, वाहत्या जागी अंडी घालतो. त्याआधी तो झुंडीने नदीत वर चढतो. जोराच्या धारेत तो थांबत नाही. धार आणि संथ पाणी जिथे भेटतात त्या कडेला, तळाशी बसतो. त्याच्यासाठी ‘जिग’ वापरतात. म्हणजे गळाच्या मानेवर शिशाची गोळी ओतलेली आणि मागे मऊ प्लास्टिकची लुसलुशीत मासोळी ओवलेली. 7 ते 14 ग्रॅम वजन बहुधा पुरतं. धार जोराची असेल तर जड, नाहीतर हलकं. गळ तळाला टेकला की वीतभर उचलायचा आणि दोरी ताठ ठेवून सावकाश खाली येऊ द्यायचा. थंड पाण्यात मासा आळसावलेला असतो, धावत येत नाही. घास घेतो तो गळ खाली पडताना. हाताला हिसका बसत नाही, नुसती टिचकी मारल्यासारखं वाटतं. दोरी सैल असेल तर ती कळतही नाही.

मला मात्र कौतुक वाटलं ते त्यांच्या नियमाचं. लायसन्सशिवाय गळ टाकायचा नाही. राज्यातल्या आतल्या तळ्या-नद्यांत अंडी घालायच्या दिवसांत वॉलायची मासेमारी बंदच. सीमेवरच्या या नदीत ती चालू असते, पण वसंतात पकडलेला मासा लगेच पाण्यात सोडायचा. जावईबापूंनी चार पकडले, चारही सोडले. घरी येऊन आम्ही वरण-भात खाल्ला!

आता आपल्याकडे या. नोकरीत काही वर्षं मी भंडाऱ्याला होतो. ढिवर बांधवांच्या मच्छीमार सहकारी संस्थांची जाळ्यांसाठी, डोंग्यांसाठी कर्जप्रकरणं माझ्या टेबलावर यायची. तपासणीच्या निमित्ताने वैनगंगेवर आणि जुन्या मालगुजारी तलावांवर जाणं व्हायचं. माघ-फाल्गुनात नदी आटत जाते, धार बारीक होते आणि मासा डोहांत गोळा होतो. एक म्हातारे ढिवरबाबा मला म्हणाले होते, “साहेब, मासा नका पाहू जी, पाणी पाहा. पाणी सांगते मासा कुठं बसला हाय ते.” रेनी नदीवरचा गोरा नावाडी इंग्रजीत हेच सांगत होता.

आपला गळाचा राजा म्हणजे मरळ. तो हवेतूनही श्वास घेतो, म्हणून मधूनमधून वर येतो आणि नेमका तेव्हाच माणसाला सापडतो. हल्ली आपल्या सोसायटीतली मुलंही प्लास्टिकचे बेडूक घेऊन रविवारी बाहेर पडतात, मला ठाऊक आहे. त्यांना तीन गोष्टी सांगतो. एक, तलाव बहुतेक करून मच्छीमार संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. आधी त्यांना विचारा. पेंच राष्ट्रीय उद्यानातल्या तोतलाडोहकडे तर फिरकूच नका, तिथे मासेमारीला बंदी आहे. दोन, पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिलांचा घोळका दिसला तर तिथे गळ टाकू नका. खाली मरळीचे आई-बाप राखणीला असतात. ते गेले की मोठे मासे पिलांचा फडशा पाडतात. तीन, तुटलेली दोरी आणि प्लास्टिकचे तुकडे खिशात घालून घरी आणा.

आणि आता मोरी. आपण भांडी घासतो, अंगण धुतो, उरलेलं तळणीचं तेल, रंगाचं पाणी, मुदत संपलेली औषधं ओततो. ते जातं कुठे? शहरातलं बरंचसं सांडपाणी नाग, पिली आणि पोरा या नद्यांतून पुढे कन्हानला मिळतं. कन्हान वैनगंगेला मिळते, आणि वैनगंगा पवनीजवळ गोसीखुर्दच्या धरणात अडते. 22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालेलं हेच ते धरण. म्हणजे प्रताप नगरात आपण जे ओततो, ते भंडाऱ्याच्या ढिवराच्या जाळ्यात जातं. ज्यांच्या कर्जाच्या हप्त्यांवर मी शेरे मारले, त्यांचा हप्ता मासळीवरच अवलंबून होता.

नाग नदीच्या शुद्धीकरणासाठी सुमारे 1,927 कोटींचा सरकारी प्रकल्प आहे. तो होईल तेव्हा होईल. आपल्या हातात काय आहे? पावसाच्या पाण्याची नळी गटारात सोडलेली असेल तर ती वेगळी करून पाणी जमिनीत जिरवणं. तळणीच्या तेलासाठी जिन्याखाली एक डबा ठेवणं. आणि औषधं मोरीत न ओतणं. तिन्हींना मिळून फारसा खर्च नाही. पुढच्या सर्वसाधारण सभेत हा ठराव मी मांडणार आहे, अनुमोदक हवा आहे.

मित्रहो, आपलीही संस्था सहकारी आणि त्या ढिवरांचीही सहकारी. एका संस्थेने दुसरीच्या ताटात घाण टाकू नये, एवढा सहकार तर पंचवीस वर्षांनंतर आपल्याला जमायला हरकत नाही.

मसाले भात गार होतोय, थांबतो.