कारखान्याच्या दारातले शस्त्र



कारखान्यात शस्त्र आणण्यास मालकाला बंदी करता यावी काय, असा आजचा प्रश्न आहे. आम्ही पडलो कामगार चळवळीतले. तेव्हा मालकाची बंदी म्हटली की आम्ही दंड थोपटणार, अशी पुष्कळांची अटकळ असेल. आमचे मत मात्र सरळ आहे. बंदी असावी. फक्त ती सर्वांना सारखी असावी, आणि लेखी असावी.

अमेरिकेत हा वाद कोर्टापर्यंत गेला. ओक्लाहोमा राज्यात २००२ साली कारखान्याच्या आवारातील मोटारींत बंदुका सापडल्या म्हणून काही कामगारांना काढून टाकले. त्यावर २००४ साली त्या राज्याने कायदा केला, की कुलूपबंद मोटारीतली बंदूक मालकाने आवारात येऊ दिली पाहिजे. तिकडे बंदूक बाळगणे हा घटनेतला हक्क आहे. आपल्या घटनेच्या १९ व्या कलमाने एकत्र जमण्याचा हक्क दिला, तो शांततेने आणि शस्त्रावाचून जमण्याचा. बंदुकीला १९५९ च्या कायद्याने परवाना लागतो. परवाना म्हणजे सरकारने दिलेली सवलत; ती खिशात घालून हव्या त्या दारात शिरता येत नाही.

मुंबईने याची किंमत मोजली आहे. ७ मे १९९४ रोजी खटाव मिलचे मालक सुनीत खटाव यांना आणि १६ जानेवारी १९९७ रोजी डॉ. दत्ता सामंत यांना गोळ्या घालून मारले. एक मालक, दुसरा कामगारांचा पुढारी. दोघेही रस्त्यावर पडले. गिरणीच्या दारातली झडती त्यांना वाचवू शकली नसती, हे खरे. पण त्या गोळ्यांनी कोणत्या कामगाराची चूल पेटली?

आता आपल्या जालन्याकडे पाहू. इथे भंगार वितळवून सळई ओढतात. कामगाराच्या हातात सांडशी असते, गॅस कटर असतो. अंबड-घनसावंगीकडचा ऊसतोड्या तर कोयत्यावरच जगतो. त्या धंद्यात नवराबायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते शस्त्रांच्या नियमांत मोडते. परंतु घरकाम, शेती, विज्ञान आणि उद्योग यांची हत्यारे त्यांतून वगळली आहेत. कायद्याने हा विवेक ठेवला, तो दारावरच्या पहारेकऱ्यानेही ठेवावा. शेतावरून थेट पाळीवर आलेल्या माणसाच्या पिशवीत विळा निघाला, तर तो दारात ठेवून घ्यावा आणि सुटताना परत द्यावा. तेवढ्यासाठी त्याची भाकरी काढून घेऊ नये. शीख बांधवाच्या कृपाणाला घटनेच्या २५ व्या कलमाचा आधार आहे, तेही विसरू नये.

आणि मालकाचे काय? टेबलावर पिस्तूल ठेवून पगारवाढीची बोलणी होत नसतात. रोकड नेणाऱ्या गाडीबरोबर परवानाधारक बंदूकवाला असावा. भट्टीवर आणि बोलणीच्या खोलीत तो कशाला? जो नियम फिटरला, तोच मालकाच्या चिरंजीवाला.

राहिली शिक्षा. आरोपपत्र, चौकशी, आणि मग निर्णय, ही वहिवाट १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने पाडली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत स्थायी आदेशांची सक्ती ३०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांपुरतीच आहे. लहान कारखान्यातल्या माणसाला ‘शस्त्र सापडले’ एवढ्या एका शब्दावर घरी बसवता येईल, ही आमची खरी धास्ती आहे. म्हणून बंदीचा नियम, वगळलेल्या हत्यारांची यादी आणि चौकशीची हमी, तिन्ही गोष्टी युनियनने करारात लिहून घ्याव्यात, आणि तो कागद मराठीत व हिंदीत दारावर लावावा. भट्टीवर परप्रांतीय भाऊही राबतात.

कामगाराचे बळ त्याच्या संख्येत आणि एकजुटीत आहे. एका हातात चाकू दिसला, की हजार हातांची न्याय्य मागणी फौजदारी खटला होऊन बसते. म्हणून ही बंदी मालकाआधी कामगारालाच हवी.