आपले ताट आणि आपले आरोग्य
(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त मस्तगड, जालना येथे दिलेल्या भाषणाचे लिखित रूप)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी आरोग्यावर चार शब्द बोलण्याची आज्ञा विश्वस्तांनी मला केली, तेव्हा मी प्रथम संकोचलो. मी वैद्य नाही, पंडितही नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि वडिलांच्या कापडाच्या गादीवर बसलो, ती आजतागायत तेथेच आहे. परंतु गेल्या नऊ वर्षांत माझ्या स्वतःच्या शरीराच्या खात्यावर जे जमा झाले आणि जे नावे पडले, त्याचा हिशेब आपल्यासमोर मांडणे मला शक्य आहे. व्यापाऱ्याने खरा हिशेब सांगावा, एवढीच अपेक्षा ठेवून आपण ऐकावे.

मी चोपन्न वर्षांचा असताना दिवाळीच्या वह्या लिहिताना अक्षरे अंधूक दिसू लागली. चष्म्याचा क्रमांक वाढला असेल असे समजून डोळे तपासायला गेलो, तर रक्त तपासण्याचा सल्ला मिळाला. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी एचबीए१सी ही तपासणी ८.६ आली. वजन ८४ किलो होते. मी डॉक्टरांना म्हणालो, "आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मांस, मद्य, तंबाखू नाही. आम्ही सूर्यास्तानंतर जेवत नाही. मग मला मधुमेह कसा?" ते शांतपणे म्हणाले, "शेठजी, तुम्ही काय खात नाही ते सांगितले. आता काय खाता ते सात दिवस लिहून आणा."

यादी सौभाग्यवतीने लिहिली. सकाळी साखरेचा दुधाचा चहा आणि खारी. दुकानात ग्राहकांबरोबर पाच-सहा वेळा पुन्हा तोच चहा. दुपारी तूप लावलेले सात-आठ फुलके, गट्ट्याची भाजी, भात, गोड दही आणि तळलेला पापड. सायंकाळी सूर्यास्ताची घाई, म्हणून गादीवरच डब्यातील पुऱ्या, पनीरची भाजी आणि मिठाईचा तुकडा. रविवारी दाल-बाटी, आणि बाटी तर तुपात बुडालेलीच हवी. चातुर्मासात हिरवी पालेभाजी आपण वर्ज्य करतो. तिच्या जागी आमच्या घरी डाळी किंवा फळभाज्या वाढल्या नव्हत्या, शेव, पापड आणि पनीर वाढले होते. ती यादी वाचताना मला माझीच लाज वाटली. वर्ज्य पदार्थांची वही आम्ही चोख ठेवली होती. भक्ष्य म्हणून जे पोटात जात होते, त्याचे खाते मात्र कोणी कधी पाहिलेच नव्हते.

ही केवळ माझ्या घरची कथा नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्याच पाहणीवर आधारलेला आहारविषयक अहवाल २०२५ साली आला. भारतीय माणसाच्या दिवसभराच्या ऊर्जेपैकी सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थ आणि साखर यांतून येते, असे त्यात दिसले. पांढरा भात, बारीक दळलेले पीठ आणि साखर हे सारे पदार्थ शाकाहारीच आहेत. शाकाहार हा अहिंसेचा पाया आहे, परंतु तो आपोआप आरोग्याची हमी देत नाही, हे आपण मान्य केले पाहिजे.

त्याच वर्षीच्या पर्युषणात प्रवचनात बाह्य तपाचे सहा प्रकार ऐकले. तत्त्वार्थसूत्रात सांगितलेल्या त्या सहांमध्ये रसपरित्याग आहे आणि भुकेपेक्षा कमी जेवणे, म्हणजे ऊणोदरी, हेही आहे. दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि तळलेले पदार्थ यांना आपण विगई म्हणतो. चैत्र आणि आश्विन महिन्यांतील नवपद ओळीत नऊ दिवस आयंबिल करणारे तपस्वी या सहाही विगई सोडतात आणि दिवसातून एकदाच, एका आसनावर बसून, रूक्ष धान्य-कडधान्य ग्रहण करतात. लोण्याची गणना तर मध, मांस आणि मद्य यांच्याबरोबर महाविगईत होते, आणि आपण मात्र पावभाजीवर ते मागून घेतो. ज्याला आज जग वनस्पतिजन्य आहार म्हणते, म्हणजे दूध आणि दुधाचे पदार्थही वगळून धान्य, कडधान्य, भाज्या, फळे आणि तेलबिया यांवर राहणे, त्याची ओळख आपल्या आयंबिल खात्यात पूर्वीपासूनच आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. तपाचा हेतू कर्मनिर्जरा आहे, साखर उतरवणे हा नाही. आरोग्यासाठी आहार बदलला तर त्याला तप म्हणून मिरवू नये. मी हा भेद प्रथम पाळला नाही आणि त्याचे फळही भोगले.

पुढच्या चैत्रात मी आयंबिलची ओळ धरली. मनात मात्र साखरेचाच हिशेब होता. डॉक्टरांना विचारले नाही आणि साखरेच्या दोन्ही गोळ्या नेहमीच्याच प्रमाणात घेत राहिलो. तिसऱ्या दिवशी सकाळी एका ग्राहकाला कापड मोजून देताना हात थरथरू लागले, दरदरून घाम फुटला आणि मी ठाणावरच कोसळलो. दुकानातील मुलाने साखरेचे पाणी पाजले म्हणून निभावले. व्रत मोडल्याचे दुःख फार झाले. महाराजसाहेबांकडे गेलो, तेव्हा त्यांनी समजावले की पच्चक्खाणातच समाधीसाठी आगार ठेवलेले आहेत; दोष व्रताचा नाही, माझ्या अविचाराचा आहे. म्हणून हात जोडून सांगतो, मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर उपवास, आयंबिल किंवा आहारातील मोठा बदल डॉक्टरांना सांगितल्याशिवाय करू नका. अन्न कमी झाले की तीच गोळी जड होते.

त्यानंतर मी रीतसर मार्ग धरला. डॉक्टरांनी गोळीचे प्रमाण ठरवून दिले, घरी साखर मोजण्याचे यंत्र आणले आणि अक्षय्य तृतीयेपासून प्रथम केवळ २१ दिवसांसाठी दूध, दही, तूप, पनीर, साखर आणि मैदा सोडला. एकवीस दिवस ही मुदत मनाला झेपते. आयुष्यभराचे नाव काढले असते, तर मी पहिल्याच दिवशी माघार घेतली असती.

सर्वांत मोठा विरोध घरातूनच झाला. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, ताकाशिवाय जेवण म्हणजे काय जेवण?" परंतु आपली मराठवाड्याची भूमी या बाबतीत उदार आहे. फुलक्यांच्या जागी ज्वारीची भाकरी आली, तीही दोनच. तूर, मूग, मटकी, चवळी यांपैकी काहीतरी दोन्ही वेळा घट्ट शिजवलेले. मोड आलेले धान्य आपल्यापैकी अनेक जण वर्ज्य मानतात. ते न घेता भिजवून लगेच शिजवले तरी कडधान्याचा लाभ मिळतो. अर्धे ताट दुधी, दोडका, भेंडी, गवार, शेवग्याच्या शेंगा अशा भाज्यांचे, आणि चातुर्मास नसेल तेव्हा मेथी, चुका, तांदुळजा यांचे. जवसाची आणि कारळाची चटणी, मूठभर शेंगदाणे, चमचाभर तीळ. फळ म्हणून आपल्या जालन्याची मोसंबी, पण रस न काढता फोडी करून. कंदमुळे तर आपण खातच नाही, त्यामुळे बटाट्याचा प्रश्नच उरला नाही. चहा बिनदुधाचा, सुंठ-वेलदोड्याचा. आणखी एक सोय अशी झाली की कच्च्या गोरसाबरोबर द्विदल येऊ नये म्हणून स्वयंपाकघरात जी दक्षता घ्यावी लागे, ती चिंताच संपली! महिनाभराने सौभाग्यवतीच म्हणू लागल्या की जेवणानंतरचे जडपण गेले.

या आहाराला अभ्यासाचा आधार आहे का, हेही मी विचारून घेतले. अमेरिकेत डॉ. नील बर्नार्ड यांनी ९९ मधुमेही व्यक्तींवर २२ आठवडे केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. कमी तेलाचा पूर्ण वनस्पतिजन्य आहार घेणाऱ्या गटात ४३ टक्के लोकांची औषधे कमी करता आली. मधुमेहाच्या नेहमीच्या पथ्याच्या गटात हे प्रमाण २६ टक्के होते. म्हणजे लाभ दोन्हीकडे झाला, एकीकडे अधिक झाला. आणि पहिल्या गटातही निम्म्याहून अधिक लोकांची औषधे कमी झाली नाहीत, हेही तितकेच खरे. आपल्याकडे मुंबईच्या डॉ. नंदिता शहा यांनी २००५ साली 'शरण' ही संस्था स्थापन करून याच आहाराचा प्रसार केला. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक राहिलेल्या डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनच वेळा जेवण्याचा आग्रह धरला, तो ऐकून मला आपले बियासणे आठवले. त्यांचा मार्ग वनस्पतिजन्य आहाराचा नाही, परंतु सतत तोंड चालू ठेवू नये, हा धडा दुकानात बसणाऱ्या आपणा सर्वांना लागू पडतो.

आता नावे पडलेली रक्कमही सांगतो. सुमारे दोन वर्षांनी माझ्या तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. तपासणीत बी-१२ हे जीवनसत्त्व अतिशय कमी निघाले. हे जीवनसत्त्व धान्य-भाज्यांतून मिळत नाही. दूध सोडले की शाकाहारी माणसाचा उरलासुरला स्रोतही बंद होतो. शिवाय मधुमेहावरील मेटफॉर्मिन ही गोळी दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ आणखी घटू शकते. दूध घेणाऱ्यांनीही निश्चिंत राहू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील ४४१ पुरुषांची तपासणी केली होती. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांमध्ये बी-१२ कमी आढळले. म्हणून वर्षातून एकदा तपासणी करावी, आणि पूर्ण वनस्पतिजन्य आहार घेणाऱ्याने बी-१२ बाहेरून घ्यावेच. घेताना मात्र एक पाहावे. अनेक कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे असते आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनते. औषध दुकानदाराकडे गोळी किंवा शाकाहारी आवरणाची कॅप्सूल मागावी. मला काही दिवस इंजेक्शने घ्यावी लागली, आता गोळी घेतो. मुंग्या बऱ्याच कमी झाल्या, पूर्ण गेल्या नाहीत. दोन वर्षे आधी तपासणी केली असती, तर कदाचित एवढेही झाले नसते.

आज माझे वजन ७६ किलो आहे. एचबीए१सी ६.८ च्या आसपास राहते. दोन गोळ्यांपैकी एक डॉक्टरांनी बंद केली, दुसरी चालू आहे. मधुमेह मुळापासून गेला असा दावा मी करणार नाही. सकाळी मोतीबागेत तासभर चालतो, त्याचाही या जमेत वाटा आहे. नातवाला मी दूध सोडायला लावलेले नाही. वाढती मुले, गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या माता, अशक्त वृद्ध आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी माझे अनुकरण करू नये. त्यांचे ताट त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवावे.

शेवटी विश्वस्तांना एक विनंती. आपल्या स्वामीवात्सल्याच्या भोजन समितीत मी अनेक वर्षे होतो. तीन मिठाया, दोन तळलेले पदार्थ आणि पनीर असल्याशिवाय पंगत शोभत नाही, असे म्हणणारा मीच होतो. त्या पंगतीत किती जण गोळी खिशात ठेवून जेवायला बसतात, याचा विचार मी कधी केला नाही. न्यासाने पन्नास वर्षे पूर्ण केली. या वर्षापासून प्रत्येक सामुदायिक भोजनात ज्वारीची भाकरी, साखर नसलेले एक पक्वान्न आणि तूप-दुधाविना एक डाळ व एक भाजी असावी. मिठाई बंद करा असे मी म्हणत नाही, आग्रह करकरून वाढणे मात्र बंद करा. वर्षातून एकदा साखर आणि बी-१२ यांच्या तपासणीचे शिबिरही घ्यावे. त्या शिबिराच्या पहिल्या वर्षीच्या खर्चात माझा यथाशक्ति सहभाग राहील, हे मी येथेच जाहीर करतो.

आपले शरीर हे धर्मसाधनेचे साधन आहे. ते सांभाळणे हे आसक्तीचे लक्षण नाही, विवेकाचे आहे. माझ्या बोलण्यात जिनाज्ञेविरुद्ध काही आले असेल किंवा कोणाचे मन दुखावले असेल, तर मन, वचन आणि कायेने मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र!