वाचनाचा नेम आणि त्याची मोजणी

नव्या वर्षाच्या आरंभी सुशिक्षित घरांतून जे संकल्प केले जातात, त्यांत वाचनाच्या संकल्पाचे स्थान बरेच वरचे असते. यंदा पन्नास ग्रंथ वाचावयाचे, असे कोणी गृहस्थ ठरवितो. नवी वही आणून पहिल्या पानावर रेघा आखतो. होळीपर्यंत पाचसात पुस्तके होतात, आणि पुढे वही व पुस्तके एकाच फळीवर धूळ खात पडतात. संकल्प मोडला याचे दुःख लहान आहे. परंतु त्या संकोचाने मनुष्य पुस्तकाला हात लावणेच सोडून देतो, ही हानि मोठी आहे. म्हणून संकल्प केवढा असावा, तो कशाने मोजावा, आणि मोजणीतून काय निसटते, या तीन प्रश्नांचा विचार करणे अगत्याचे आहे.

या विचाराला हिंगोली जिल्ह्याइतकी योग्य भूमि दुसरी क्वचितच सापडेल. हा जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यातील नरसी हे संत नामदेवांचे जन्मस्थान, असे परंपरा सांगते. नामदेवांनी शतकोटी अभंग रचण्याचा पण केला होता, आणि राहिलेली संख्या पुरी करण्याची आज्ञा पुढे तुकोबांना स्वप्नात झाली, अशी वारकरी संप्रदायाची श्रद्धा आहे. नामदेवांचा काळ 1270 ते 1350 असा मानतात. जन्मल्या दिवसापासून हिशेब धरला, तरी शतकोटीसाठी रोज चौतीस हजारांवर अभंग रचावे लागले असते! भक्ताच्या उत्कटतेला असा आकडा शोभतो. तो मोजण्यासाठी नसतोच. नामदेवांच्या नावाने छापलेल्या गाथेत दोन-अडीच हजार अभंग आहेत, शिवाय शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची 61 पदे आहेत. पण सिद्धीस गेला नाही, म्हणून त्यांतील एकाही पदाचे मोल कमी झाले नाही. संसारी वाचकाने मात्र आपला आकडा दिवसाच्या मापाने कापून घ्यावा.

हे माप आपल्या घरांना नवीन नाही. पोथी लावणे, सप्ताह करणे, नित्य नेमाने ओव्या वाचणे, ही सारी वाचनाची आखणीच होय. ज्ञानेश्वरीत सुमारे 9,000 ओव्या आहेत. सप्ताहात ती संपवावयाची तर रोज तेराशेच्या आसपास ओव्या येतात. ते काम हातचे सारे व्यवसाय बाजूस ठेवूनच होते. तीच पोथी वर्षात वाचावयाची तर रोज 25 ओव्या पुरतात. परंतु त्यात चुकीला जागा केवळ पाच दिवसांची. रोज 30 ओव्यांचा नेम धरला, तर 300 दिवसांत ग्रंथ पुरा होतो आणि आजारपण, प्रवास, लग्नकार्य यांसाठी 65 दिवस मोकळे राहतात. नेम टिकतो तो या मोकळ्या दिवसांच्या बळावर.

दुसरा प्रश्न मापाचा. ज्ञानेश्वरीचे अध्याय अठरा. नऊ अध्याय झाले म्हणजे निम्मी वाट सरली, असे वाचकास वाटते. प्रचलित प्रतींप्रमाणे पाहिले, तर पहिल्या नऊ अध्यायांत मिळून एकंदर ओव्यांचा तिसरा हिस्साही भरत नाही, आणि एकट्या अठराव्या अध्यायात सुमारे 1,800 ओव्या आहेत. अध्याय मोजणारा शेवटी थकतो. ओव्या मोजणारा सावध राहतो. पुस्तकांची संख्या मोजणाऱ्यांचीही हीच फसगत होते. आकडा भरावा म्हणून ते पातळ पुस्तके निवडतात, आणि जो जाड ग्रंथ वाचण्याची खरी इच्छा होती, तो तसाच राहतो. याकरिता पुस्तकांपेक्षा पाने मोजावी, आणि पानांपेक्षाही वाचनास दिलेले दिवस मोजावे.

टिपण ठेवण्याची चाल थोरांनीही पाळली आहे. डार्विन या शास्त्रज्ञाने 1838 पासून 1860 पर्यंत वाचनाच्या वह्या राखल्या. त्यांत वाचावयाची पुस्तके आणि वाचून झालेली पुस्तके अशा दोन याद्या असत. पहिली यादी मनाची भूक दाखविते, दुसरी प्रत्यक्ष जेवण. दोन्ही समोर असल्या, म्हणजे मनुष्य आपली फसवणूक करून घेत नाही.

आता तिसरा प्रश्न. याच जिल्ह्यात औंढा नागनाथ आहे. संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन एकेकाचे डोके तपासले व नामदेवांना कच्चे मडके ठरविले, ही कथा सर्वश्रुत आहे. त्यानंतर नामदेव औंढ्यास विसोबा खेचरांकडे गेले. नामदेवांच्या भक्तीत खंड नव्हता. तरी पक्केपणा निराळाच ठरला. वाचनाचेही तसेच आहे. वसमत-हिंगोलीच्या बाजारात हळद येते, तीही पाहावी. ओली हळद शिजवून वाळविली, म्हणजे वजनाचा चौथा-पाचवा हिस्साच उरतो; आणि बाजारात भाव होतो तो त्या उरलेल्याचा. वहीत तारीख व पाने लिहावीतच. पण शेजारी एक ओळ अशी लिहावी, की आजच्या वाचनातून काय उरले. ज्या दिवशी ही ओळ सुचणार नाही, त्या दिवशी पुढची पाने न उलटता तीच पुन्हा वाचावी.

हिंगोलीचा प्रदेश 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कारभाराची भाषा उर्दू होती, आणि 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणही उर्दूतून चाले. अशा काळात देव्हाऱ्याजवळच्या पोथीच्या नेमाने मराठी अक्षराशी घराचे नाते राखले, असे म्हणण्यात अतिशयोक्ति नाही. आज मराठीला राजाश्रय आहे, शाळा आहेत, ग्रंथालये आहेत. उणीव आहे ती रोजच्या अर्ध्या तासाची. तो अर्धा तास घरातील वडील माणसांनी ठरवून पाळला, तर मुलांना निराळा उपदेश करावा लागणार नाही. एक ग्रंथ निवडावा, त्याची पाने तीनशेंनी भागावी, आणि येईल तेवढा भाग आज रात्रीच वाचून वहीत पहिली नोंद करावी. उद्या चुकल्यास परवा दुप्पट वाचू नये. परवाचेच तेवढे वाचावे.