मिठाच्या पाण्याची निवळणी



पावसाळ्यात बरणीतल्या खड्या मिठाला पाणी सुटते, हे आपण दरवर्षी पाहतो. तो दोष मिठाचा नव्हे. समुद्रातून मिठाबरोबर आलेले मॅग्नेशियमचे क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात. घरात त्याने फारसे बिघडत नाही. पण कारखान्यात मात्र बिघडते.

कुठल्या कारखान्यात म्हणाल? गावच्या विहिरीत आपण जी ब्लीचिंग पावडर टाकतो, तिच्यातला क्लोरीन मिठातूनच काढतात. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली, की एका बाजूस क्लोरीन आणि दुसऱ्या बाजूस हायड्रोजन व कॉस्टिक सोडा मिळतो. आजच्या कारखान्यांत या दोन बाजूंमध्ये एक पातळ पडदा असतो. या दोन वायूंची गाठ पडू न देणे, हे त्याचे काम. कारण ते एकत्र आले, तर स्फोट व्हायला एक ठिणगीही पुरते.

निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष बागाईतदारांना हे चटकन समजेल. जड पाण्याने ठिबकची छिद्रे पांढऱ्या थराने बुजतात ना? तीच गत या पडद्याची. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्यात साचले, की वीज जास्त लागते आणि पडदा नासतो. ठिबकची नळी आम्लाने धुता येते. नासलेला पडदा मात्र बदलावाच लागतो, आणि तो फार महाग असतो.

म्हणून आधी पाणी निवळायचे. एका लिटरला सुमारे ३०० ग्रॅम मीठ असे दाट पाणी करितात. त्यात धुण्याचा सोडा घातला, की कॅल्शियमचा गाळ होतो. कॉस्टिक सोड्याने मॅग्नेशियमचा होतो. गाळ टाकीत खाली बसू देतात, वरचे पाणी गाळून घेतात. पण एवढ्याने भागत नाही! मग ते रेझिनच्या बारीक मण्यांतून सोडतात. मणी उरलेसुरले क्षार धरून ठेवतात. शेवटी एक अब्ज भागांत हे क्षार २० भागांहून कमी राहावे लागतात.

गुरुजी, यातली पहिली पायरी वर्गात दाखविता येईल. खडे मीठ पाण्यात विरघळवा, फडक्याने गाळा, आणि त्यात धुण्याच्या सोड्याचे पाणी ओता. स्वच्छ दिसणारे पाणी दुधी होईल. मुलांना विचारा, हे पांढरे आधी कुठे लपले होते? ते पाणी कुणी तोंडात घालू नये. मिठाच्या पाण्यात वीज सोडण्याचा प्रयोग मात्र वर्गात करू नका. क्लोरीन विषारी आहे.

आणि विहिरीची पावडर कोरड्या जागी, घट्ट झाकून ठेवा. डबा उघडा राहिला, तर तिचा जोर जातो. एवढ्या खटाटोपाने मिळविलेला क्लोरीन मग नुसता हवेत जायचा, आणि विहीर होती तशीच राहायची. गावाला पाणी शुद्ध केल्याचे समाधान तेवढे मिळेल, शुद्ध पाणी मिळणार नाही.