शासकीय सेवेची मुलाखत आणि गावचा शिक्षक
(केंद्राच्या शिक्षण परिषदेत झालेले व्याख्यान)



गावातील एखादा तरुण शासकीय सेवेची लेखी परीक्षा उत्तीर्ण झाला, की पेढ्यांचा पुडा घेऊन तो प्रथम घरच्या देवापुढे व त्यानंतर शाळेत येतो. हा अनुभव पुष्कळ शिक्षकांचा आहे. आनंदाचा भर ओसरल्यावर तो थोडा संकोचून विचारतो, "गुरुजी, आता मुलाखत राहिली. तयारी कशी करू?" येथे बहुतेक शिक्षक निरुत्तर होतात. ते काम शहरातील वर्गचालकांचे, आपला त्यांत अधिकार नाही, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. मग तो तरुण पुण्याच्या सदाशिव पेठेत खोली घेऊन राहतो. घरून पैसे जात राहतात, प्रसंगी जनावर विकले जाते, आणि वयोमर्यादेचा काटा मात्र पुढे सरकत असतो. वर्गांत काहीच मिळत नाही असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. परंतु मुलाखतीसाठी जी सामग्री लागते ती पेठेत नसून गावात आहे, आणि ती ओळखून देणारा माणूस बहुधा शाळेतच बसलेला असतो.

आरंभी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. प्रत्येक शासकीय पदासाठी मुलाखत असतेच असे नाही. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून कनिष्ठ पदांच्या मुलाखती बंद केल्या. जिल्हा परिषदेच्या शाळांतील शिक्षकपदासाठीही मुलाखत होत नाही. तेव्हा जो विद्यार्थी अशा पदाची परीक्षा देत आहे त्याने मुलाखतीची काळजी वाहण्याचे कारण नाही. मुलाखत उरली आहे ती वरिष्ठ सेवांसाठी. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत मुख्य लेखी परीक्षेचे १७५० गुण व मुलाखतीचे २७५ गुण मिळून अंतिम यादी होते. राज्यसेवेलाही मुलाखत आहे. सैन्यदलांत अधिकारी होऊ इच्छिणाऱ्यांना निवड मंडळापुढे पाच दिवस राहावे लागते व त्यांत मुलाखत हा एक महत्त्वाचा भाग असतो.

मुलाखतीविषयी समाजात जो संशय आहे तो निराधार नव्हता, हेही मान्य केले पाहिजे. श्रीनगर येथील प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रवेशाचे एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले होते. तेथे लेखी परीक्षेचे १०० व मुलाखतीचे ५० गुण होते. उमेदवारांची तक्रार अशी की, प्रत्येकाला दोन-तीन मिनिटे मिळाली आणि प्रश्न विचारले गेले ते आईवडील व राहण्याचे ठिकाण यांविषयीचे. नोव्हेंबर १९८० मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की, मुलाखतीला एकूण गुणांच्या पंधरा टक्क्यांहून अधिक वाटा देणे मनमानीचे ठरेल. नागरी सेवा परीक्षेतील मुलाखतीचा वाटा आज सुमारे साडेतेरा टक्के आहे.

वाटा कमी केल्याने अन्याय मर्यादित होतो, पण मुलाखत चांगली होते असे नाही. ती चांगली कशी व्हावी याचा विचार निराळ्या दिशेने झाला. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या निवडीवर काम केले होते. 'चांगला वैमानिक कसा असतो' असे विचारले की माणसे विशेषणे सांगत. त्याऐवजी प्रत्यक्ष कोणत्या प्रसंगी कोणी काय केले, हे विचारले तेव्हा उपयोगी माहिती मिळू लागली. १९५४ साली त्यांनी ही पद्धती लेखरूपाने मांडली. पुढे १९७३ मध्ये डेव्हिड मॅक्लेलंड यांनी असे प्रतिपादन केले की, केवळ बुद्धिमापनापेक्षा त्या कामाला लागणाऱ्या क्षमतांची परीक्षा घ्यावी. या दोहोंतून जी मुलाखतीची रीत वाढली तिला क्षमताधिष्ठित मुलाखत म्हणतात. कामाला लागणाऱ्या क्षमता आधी ठरवावयाच्या, आणि उमेदवाराच्या गतायुष्यातील कृतींत त्यांचा पुरावा शोधावयाचा, हे तिचे स्वरूप. ब्रिटनच्या नागरी सेवेत ती उघडपणे व लेखी निकषांनी चालते. भारतातील आयोग आपल्या मुलाखतीला तेच नाव देत नाहीत. परंतु नागरी सेवा परीक्षेच्या अधिसूचनेत समतोल निर्णयशक्ती, सामाजिक एकोपा व नेतृत्व यांची क्षमता, बौद्धिक व नैतिक सचोटी असे जे गुण पाहावयाचे म्हणून सांगितले आहेत, ते पाहण्याचा मार्ग अखेर उमेदवाराच्या कृतींवरूनच जातो. सैन्यदलांचे निवड मंडळ तर अधिकाऱ्याच्या अंगचे पंधरा गुण डोळ्यांसमोर ठेवते. तेथे मुलाखतीत कुटुंब, मित्र व शाळा यांविषयी प्रश्नांची एकच सरबत्ती होते. कोणते शिक्षक आवडत, कोणते आवडत नसत व का, हाही त्यांतला एक नेहमीचा प्रश्न. शिक्षकांनी हे ध्यानी ठेवलेले बरे.

आता असा एक उमेदवार डोळ्यांसमोर आणावा. त्याला प्रश्न येतो, "मतभेद असलेल्या माणसांकडून काम करून घेतल्याचा एखादा प्रसंग सांगा." तो उत्तर देतो, "नेतृत्व म्हणजे सर्वांना बरोबर घेऊन जाणे होय. नेत्याच्या ठिकाणी संयम, दूरदृष्टी..." समोरचे सदस्य थांबवून म्हणतात, "ते झाले. तुम्ही केव्हा केलेत?" तरुण गप्प होतो. सुट्टीत तो शाळेत येऊन सांगतो, "गुरुजी, असे काही माझ्या हातून घडलेच नाही."

गुरुजी विचारतात, "टंचाईच्या उन्हाळ्यात टँकरचे पाणी कोण वाटत होते रे?"

"आम्हीच पोरे. पण ते काय सांगायचे?"

पण सांगायचे ते हेच. गुरुजी एकेक प्रश्न विचारीत जातात व हळूहळू सगळे बाहेर येते. टँकर दिवसाआड येई. पहिल्या आठवड्यात ज्याचा हंडा पुढे त्याचे पाणी, असा प्रकार होऊन दोन बायकांची भांडणे हातघाईवर आली. तेव्हा या तरुणाने शाळेच्या जुन्या वहीत घरांची यादी केली, माणसे मोजली आणि माणशी किती घागरी हे ठरविले. वरच्या आळीतल्या एका वजनदार घराने यादी मानावयाचे नाकारले. याने त्या घरच्या वडीलधाऱ्यांकडे रात्री जाऊन वही दाखविली. त्यांच्या घरची माणसे सातच्या जागी नऊ आहेत हे त्यांनी लक्षात आणून दिले, ते याने दुरुस्त केले, आणि दुसऱ्या दिवशी ते स्वतः रांगेत उभे राहिले. वस्तीपासून दूर असलेल्या दोन घरांना मात्र शेवटपर्यंत पाणी उशिरा मिळत गेले. त्याला उपाय सापडला नाही.

एवढी हकीकत हाती आली म्हणजे तयारी निम्मी झाली. परिस्थिती काय होती, कोणते काम अंगावर आले, स्वतः काय केले व त्याचे फळ काय मिळाले, हा क्रम इंग्रजी पुस्तकांत चार अक्षरांच्या सूत्राने शिकवितात. सूत्र वाईट नाही. परंतु उमेदवार ते पाठ करतात आणि परिस्थितीचे वर्णन करण्यातच वेळ घालवितात. दुष्काळ, पर्जन्यमान, शासनाचे धोरण यांवर तीन मिनिटे जातात व वहीवर अर्धे वाक्य येते. प्रमाण उलटे हवे. परिस्थितीला दोन वाक्ये पुरेत. ज्याला सांगण्यात रस नसतो तो भाग, म्हणजे रात्री वही घेऊन कोणाच्या ओट्यावर गेलो व काय बोललो, हाच मंडळाला ऐकावयाचा असतो. त्यांचे पुढचे प्रश्नही तेथूनच निघतात. यादी याच रीतीने का केली? हिशेब चुकला होता हे कसे कळले? त्या दोन घरांचे काय? रचलेली हकीकत असली तर ती दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला गळून पडते. खऱ्या हकीकतीला प्रश्नांची भीती नसते, कारण उमेदवार आठवत असतो, रचीत नसतो.

येथे मराठी मुलांची एक खास अडचण आहे व तिचा विचार शिक्षकांखेरीज दुसरे कोणी करील असे वाटत नाही. गावचा मुलगा 'मी केले' असे म्हणत नाही. तो म्हणतो, 'आम्ही केले', 'पोरांनी केले', फार तर 'झाले'. मोठ्यांसमोर 'मी, मी' करू नये हा घरचा संस्कार आहे व तो चांगलाच आहे. परंतु मंडळापुढे उत्तरातल्या दहा वाक्यांत एकदाही 'मी' आला नाही, तर निवड करणाऱ्याला त्या कामातला या उमेदवाराचा हिस्सा कळावा कसा? याला भर घालणारी दुसरी सवय मात्र घरची नसून कचेरीची आहे. 'वृक्षारोपण करण्यात आले', 'सभा घेण्यात आली', 'पालकांशी संपर्क साधण्यात आला', अशी वाक्ये शाळांच्या अहवालांत व, खरे सांगावयाचे तर, अधिकाऱ्यांच्या परिपत्रकांत इतकी आढळतात की, कर्ता नसलेले वाक्यच सभ्य, अशी मुलांची समजूत झाली तर नवल नाही. मुलाखतीत हे वाक्य सर्वांत दुबळे. 'मी यादी केली, मोजणी माझ्या दोन मित्रांनी केली, रांगेवर ग्रामपंचायतीचा शिपाई उभा असे' या वाक्यात गर्व नाही. प्रत्येकाचे श्रेय ज्याचे त्याला मिळाले आहे आणि वक्त्याचे काम लपलेलेही नाही.

क्षमता हा शब्द शिक्षकांना नवा नाही. १९९० नंतरच्या दशकात 'किमान अध्ययन क्षमता' शाळाशाळांतून आल्या. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन २०१० मध्ये लागू झाल्यावर विद्यार्थ्यांच्या वर्णनात्मक नोंदीही ठेवल्या जाऊ लागल्या. त्या नोंदी पुष्कळ ठिकाणी कशा होतात हे सर्वांना ठाऊक आहे. बाजारात तयार नोंदींची पुस्तके मिळतात. 'इतरांना मदत करतो', 'नेतृत्वगुण दिसून येतो', 'गटकार्यात सहभागी होतो', ही वाक्ये चाळीस मुलांपुढे आलटूनपालटून उतरविली जातात. वेळ अपुरा आहे, कागद फार आहेत, ही तक्रार खोटी नाही. परंतु 'नेतृत्वगुण दिसून येतो' ही नोंद आणि त्या उमेदवाराचे 'नेतृत्व म्हणजे' हे उत्तर, यांत फरक तो काय? दोन्हींत विशेषण आहे, घटना नाही. याउलट एखाद्या शिक्षिकेने इयत्ता चौथीच्या मुलीपुढे लिहिले, 'परिपाठाला ध्वनिवर्धक बंद पडला तेव्हा हिने न सांगता मुलांना जवळ बसविले व प्रार्थना सुरू केली', तर तो पुरावा झाला. वर्षाला प्रत्येक मुलामागे अशा दोन नोंदी झाल्या तरी पुष्कळ. त्या मुलीला त्या पुढे कधी दाखवाव्यात असे नाही. मात्र घडलेली गोष्ट कर्त्यासह सांगण्याची रीत वर्गात रुजते. सोमवारी 'सुट्टीत काय केले?' असे विचारून मुलाने 'शेतावर गेलो' म्हटले, की पुढचा प्रश्न विचारावा: तेथे तू काय केलेस? एवढ्या एका प्रश्नाने मूल दोन वाक्ये अधिक बोलते.

अपयशाविषयीचा प्रश्न हमखास येतो. त्यावर वर्गांतून शिकविलेले एक उत्तर फार प्रचलित आहे: 'मी फार परिश्रम करतो, हाच माझा दोष.' ते ऐकून मंडळाचे सदस्य काय समजतात हे सांगावयास नको. उमेदवाराने ती दूरची दोन घरे सांगावीत. उपाय सापडला नाही हे सांगावे, आणि आज तसा प्रसंग आला तर काय करील हेही सांगावे.

भाषेची भीती बरीच काल्पनिक आहे. राज्यसेवेची मुलाखत मराठीतून देता येते. संघ लोकसेवा आयोगापुढेही नियमांच्या मर्यादेत मराठी माध्यम निवडता येते. माध्यम कोणते घ्यावे हे तरुणाने स्वतः ठरवावे, परंतु ज्या भाषेत तो प्रसंग घडला त्या भाषेत तो आधी एकदा सांगून पाहावा. उच्चार सुधारण्याच्या उत्साहात शिक्षकांनी त्याला मध्येच अडवू नये. 'व्हतं'चे 'होते' मागाहून करता येते. तुटलेला धागा मात्र जुळत नाही.

सरावाची व्यवस्था साधी आहे. शनिवारी शाळा सुटल्यावर दोन शिक्षकांनी टेबलामागे बसावे, तरुणाला समोर खुर्ची द्यावी व त्याला या एका दिवसापुरते 'अहो' म्हणावे. 'अरे'ची सवय असलेल्या गुरुजींना हे जड जाते, पण त्यालाही ते नवे असते व म्हणूनच उपयोगाचे असते. त्याच्याकडून आधी सात-आठ खऱ्या प्रसंगांची यादी करून घ्यावी: घरचे, शेतातले, महाविद्यालयातले, नोकरी केली असल्यास तेथले. एकच प्रसंग तीन प्रश्नांना लागू पडतो हे त्याला करून पाहिल्यावर समजते. प्रत्येक उत्तराला तीन मिनिटे द्यावीत आणि मग त्यावर पाच तरी पोटप्रश्न विचारावेत. तिसऱ्या शिक्षकाने काही बोलू नये. त्याने कागदावर फक्त 'मी', 'आम्ही' आणि 'करण्यात आले' यांच्या खुणा कराव्यात व शेवटी तो कागद तरुणाच्या हाती द्यावा.